अल्ट्रा शर्यत: धावण्याची हिंमत हवी, थांबण्याचीही

मॅरेथॉन म्हणजे ४२.१९५ किलोमीटर. त्याहून जास्त अंतर असेल तर ती ‘अल्ट्रा’. डांबरी रस्ता सोडून डोंगर, जंगल किंवा वाळवंटातल्या पायवाटेने धावायचे असेल तर ती ‘ट्रेल’. आपल्याकडे सिंहगड, राजगड, तोरणा या किल्ल्यांच्या वाटांवर अशा शर्यती होतात. घरातला मुलगा किंवा मुलगी “मला नाव द्यायचंय” म्हणाली, तर घाबरून लगेच नकार देऊ नका. कौतुकाच्या भरात लगेच होकारही नको. आधी हा प्रकार समजून घ्या.

मोरोक्कोच्या वाळवंटात १९८६ पासून ‘मॅराथाँ दे साब्ल’ ही शर्यत होते. अंतर साधारण २५० किलोमीटर, तेही टप्प्याटप्प्याने आणि आपलं खाणं-पांघरूण पाठीवर घेऊन. मोरोक्कोचेच लहसेन अहन्साल यांनी ती १० वेळा जिंकली. आणि मुलींचं म्हणाल, तर प्रेषित मुहम्मद (स.) आणि हजरत आयेशा (रजि.) यांच्यात धावण्याची शर्यत झाल्याचे हदीसमध्ये आलेच आहे. अंगभर कपडे आणि स्कार्फ घालूनही छान धावता येतं.

धोका कुठे असतो?

२२ मे २०२१ रोजी चीनच्या गान्सू प्रांतात १०० किलोमीटरची डोंगरी शर्यत होती. अचानक गारा, पाऊस आणि जोराचा वारा सुरू झाला. बरेच धावपटू पातळ कपड्यांत होते. ओल्या अंगावर वारा लागला की शरीराची उष्णता झपाट्याने जाते, हातपाय चालेनासे होतात, डोकंही काम करत नाही. त्या दिवशी २१ जणांचा जीव गेला. एका मेंढपाळाने सहा जणांना गुहेत नेऊन शेक दिला, म्हणून ते वाचले.

दुसरा धोका पाण्याचा. कमी प्यायलं तर त्रास होतो हे सगळ्यांना माहीत आहे. पण तासन्‌तास नुसतंच पाणी पीत राहिलं तर रक्तातलं मिठाचं प्रमाण घसरतं. डोकं दुखतं, मळमळतं, माणूस गोंधळतो. हेही जिवावर बेतू शकतं. म्हणून तहानेप्रमाणे प्यावं आणि सोबत खारट काहीतरी खावं. वेदनाशामक गोळ्या खाऊन धावणं तर नकोच, मूत्रपिंडावर ताण येतो. लघवी चहासारखी गडद झाली तर तडक डॉक्टर गाठावा.

नाव देण्याआधी हे विचारा

• आधी २१ आणि मग ४२ किलोमीटर आरामात पूर्ण केलेत का? चढ-उताराचा सराव आहे का?
• डॉक्टरकडून तपासणी झाली का?
• वाटेत मदतकेंद्रं आणि डॉक्टर किती अंतरावर आहेत? हवामान बिघडलं तर आयोजक शर्यत थांबवणार का?
• बॅगेत विजेरी, शिट्टी, वाऱ्या-पावसाचं जॅकेट आणि चार्ज केलेला मोबाईल आहे का?
• एनर्जी जेल आणि गोळ्यांच्या पाकिटावरचे घटक वाचलेत का? काहींत जिलेटिन असतं. खजूर, गूळ-शेंगदाणे, मिठाचा बटाटा हे साधं आणि हलाल.

रमजानमध्ये मोठी शर्यत टाळलेली बरी. सराव हलका ठेवावा आणि तोही इफ्तारनंतर. शर्यतीच्या दिवशी नमाजची वेळ कुठे येईल ते आधीच ठरवावं. वाटेत पाच मिनिटं थांबल्याने काही बिघडत नाही. सफरमधल्या सवलतींबद्दल आपल्या आलिमांना विचारून घ्यावं.

बहुतेक अल्ट्रांत ठरावीक ठिकाणी ठरावीक वेळेत पोहोचावं लागतं, नाहीतर धावपटूला तिथेच थांबवतात. शिवाय अनेकजण स्वतःहून शर्यत सोडतात. अनुभवी धावपटूंना त्यात कमीपणा वाटत नाही. खरी अडचण घरी असते. “एवढी फी भरली, सगळ्यांना सांगितलं, आता काय तोंड दाखवणार?” या विचाराने मुलं दुखऱ्या पायाने पुढे जात राहतात. शरीर ही अल्लाहची अमानत आहे, तिचाही आपल्यावर हक्क आहे. म्हणून निघतानाच मुलांना सांगा: “झेपलं नाही तर थांब, फोन कर, आम्ही घ्यायला येतो.” एवढं आधी ऐकलेलं असलं, की योग्य वेळी थांबणं त्यांना जड जात नाही. शर्यत पुढच्या वर्षीही असते, इन्शाअल्लाह.