घड्याळ वितळवण्याआधी घरात डोकावा

समजा, लखनऊ छावनीतल्या एका क्वार्टरमध्ये एका मराठी सुभेदाराचे कुटुंब राहते. अकरावीतल्या मुलीला शाळेतून चित्रकलेचा प्रकल्प मिळाला आहे. शैली अतिवास्तववादी, म्हणजेच सर्रिअॅलिझमची. विषय मात्र स्वतःच निवडायचा. आठवडा उरला, तरी कागद कोराच.

"आई, वितळणारी घड्याळं काढू का? सगळेच काढतायत."

"त्यापेक्षा छानसं निसर्गचित्र काढ. हे भलतंसलतं पाहून बाई काय म्हणतील?"

अशा वेळी चूक दोघींचीही होते. एकीला नक्कल सोपी वाटते, तर दुसरीला विचित्र चित्राची भीती वाटते.

स्वप्नांना कागदावर जागा

ही शैली वेडेपणातून किंवा चूष म्हणून जन्मलेली नाही. तिचा प्रवर्तक आंद्रे ब्रेताँ हा फ्रेंच कवी वैद्यकाचा विद्यार्थी होता. पहिल्या महायुद्धात त्याने लष्करी रुग्णालयांत काम केले. लढाईच्या धक्क्याने मन बिघडलेले सैनिक त्याने जवळून पाहिले. फ्रॉइडचे स्वप्नांविषयीचे विचारही त्याने वाचले होते. माणूस जे बोलत नाही ते स्वप्नात दिसते, मग त्याला कलेत जागा का नसावी? या विचारातून १९२४ मध्ये त्याने अतिवास्तववादाचा जाहीरनामा लिहिला.

साल्व्हादोर दालीने वितळणारी घड्याळे १९३१ मध्ये रंगवली. हे जगप्रसिद्ध चित्र जेमतेम २४ बाय ३३ सेंटिमीटरचे आहे. घड्याळांमागे दिसणारे खडक आणि समुद्र मात्र काल्पनिक नाहीत. तो स्पेनमधला, दालीच्या घराजवळचा किनारा आहे. म्हणजे दालीने आपलेच अंगण रंगवले. त्याची घड्याळे उचलणाऱ्या मुलीच्या चित्रात तिचे स्वतःचे काय उरणार?

आपल्याकडचे उदाहरण

रायगड जिल्ह्यातल्या नागाव इथे १९३६ मध्ये जन्मलेले प्रभाकर बरवे मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकले. १९६१ ते १९६५ या काळात ते याच उत्तर प्रदेशातल्या वाराणसीत, विणकर सेवा केंद्रात नोकरीला होते. त्यांच्या चित्रांत पान, ढग, घड्याळ अशा रोजच्या वस्तू मोकळ्या अवकाशात एकमेकींशेजारी येतात आणि ओळखीच्या असूनही अनोळखी वाटू लागतात. त्यांच्यावर अतिवास्तववादी असा शिक्का मारणे बरोबर नाही, पण साध्या वस्तूकडे नव्याने कसे पाहावे, हे त्यांच्याकडून शिकता येते. १९९० मध्ये प्रसिद्ध झालेले त्यांचे 'कोरा कॅनव्हास' हे पुस्तक कलेच्या विद्यार्थ्याने जरूर वाचावे.

विषय कसा निवडाल?

पहिले तीन-चार दिवस चित्र काढूच नका. सकाळी उठल्याबरोबर आठवेल ते स्वप्न वहीत लिहा. घरातल्या दहा वस्तूंची यादी करा. ज्या वस्तूशी एखादी आठवण, भीती किंवा आनंद जोडलेला असेल, तिच्यावर खूण करा.

मग त्या वस्तूत एकच बदल करा. तिचा आकार, जागा किंवा गुणधर्म बदला. डोळे, पंख, कवट्या, जिने असे सगळे एकाच कागदावर कोंबले की गोंधळ होतो, स्वप्न होत नाही. बाकीचे सारे अगदी खरे हवे. वस्तू समोर ठेवून तिची सावली, गंज, पोचे नीट रेखाटा. खऱ्यावर विश्वास बसला, तरच खोटे मनाला भिडते.

परिसरही डोळे उघडून पाहा. छावनीतल्याच दिलकुशा कोठीचे उदाहरण घ्या. १८००च्या सुमारास नवाब सआदत अली खान यांच्यासाठी ती इंग्लंडमधल्या एका हवेलीच्या धर्तीवर बांधली गेली. १८५७च्या लढाईत तिची मोडतोड झाली. आज तिथे छपराविना भिंती उभ्या आहेत आणि खिडक्यांच्या दोन्ही बाजूंना आकाशच आहे. त्या खिडकीतून गावाकडचे अंगण दिसले तर?

पालकांनो, घाबरू नका

मुलांचे चित्र विचित्र दिसले म्हणजे त्यांचे मन बिघडले असे नव्हे. "हे काय भलतंच?" असे म्हणण्याऐवजी "हे इथे का काढलंस?" असे विचारा. उत्तर मिळालेच पाहिजे, असा हट्टही धरू नका.

आपल्या त्या मुलीच्या यादीत पहिलीच वस्तू असेल काळी लोखंडी पेटी. तिच्यावर पांढऱ्या रंगात वडिलांचे नाव. दर बदलीला ती भरायची, नव्या गावी उघडायची आणि जुन्या मैत्रिणी मागे सोडायच्या. समजा, तिने हुबेहूब तीच पेटी काढली आणि एकच बदल केला. पेटीला मुळे फुटली आहेत आणि ती फरशी फोडून जमिनीत शिरली आहेत.

हे चित्र पाहून बाई किती गुण देतील, ते बाई ठरवतील. पण आई क्षणभर थांबून विचारेल, "तुला इथून जायचं नाही का गं?"

जे इतकी वर्षे घरात कोणी बोलले नव्हते, ते त्या एका चित्राने बोलून दाखवलेले असेल.