शिपायाचा नाईक होताना

भारतीय लष्कराच्या पायदळात कंपनी मेजरच्या हाताखाली असते आणि प्लाटून सुभेदाराच्या किंवा नायब सुभेदाराच्या. पण गोळीबार सुरू झाला की जवानाच्या कानावर पडतो तो त्याच्या सेक्शन कमांडरचा आवाज. सेक्शनमध्ये साधारण दहा जण असतात. त्यांचा प्रमुख हवालदार, आणि तो पडला तर सूत्रं हाती घेणारा नाईक.

इटलीत १० जुलै १९४४ रोजी मराठा लाईट इन्फंट्रीच्या एका सेक्शनचं नेतृत्व नाईक यशवंत घाडगे करत होते. मशीनगनच्या माऱ्यात त्यांच्याखेरीज सेक्शनमधले सगळे ठार किंवा जखमी झाले. ते एकटेच त्या मशीनगनच्या मोर्च्यावर धावून गेले, तिथेच कामी आले. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला.

शिपायाला आधी एक फीत मिळते, लान्स नाईकची. ही नेमणूक, जबाबदारी पेलते का, ते बघण्यासाठी. दोन फितींचा नाईक ही पक्की बढती. तिथे सेवाज्येष्ठता मोजतात, पण नुसता नंबर लागून भागत नाही. लष्कराची शिक्षण परीक्षा, फायरिंग, पूर्ण सामानासह पाच किलोमीटरची धाव, वैद्यकीय श्रेणी हे सगळं जमावं लागतं. शिवाय रेकॉर्ड स्वच्छ हवं. रेड इंक एंट्री, म्हणजे शिक्षेची लाल शाईतली नोंद, आड येऊ शकते.

आणि मग कॅडर, म्हणजे बढतीसाठीचा प्रशिक्षणवर्ग. खरी पारख इथे होते. जमिनीवर माती, चुना, काटक्यांनी टेकडी, नाला, पायवाट मांडलेली असते. उमेदवार काठी घेऊन समोर उभा राहतो आणि सोबत्यांना हुकूम सांगतो. आधी जमिनी निशाण, मग खबर: दुश्मन कुठे, आपले कुठे. मग मकसद, तरीका, इंतजाम, शेवटी ‘कोई शक?’ वर्षानुवर्षं हुकूम ऐकत आलेल्या माणसाला आता स्वतः विचार करून तो स्पष्ट शब्दांत मांडायचा असतो. धावण्यात पहिला येणारा इथे अडखळतो आणि एखादा अबोल शिपाई खणखणीत बोलून जातो. शिवाय ज्यांच्याबरोबर काल एका बरॅकमध्ये पत्ते खेळले, त्यांनाच उद्या रात्रपाळीच्या पहाऱ्यावर पाठवायचं असतं. माझ्या मते सगळ्या बढत्यांत हीच सर्वांत अवघड.

पगाराचं गणित वेगळं आहे. बढती न मिळालेल्या जवानालाही आठ, सोळा आणि चोवीस वर्षांच्या सेवेनंतर वरची वेतनश्रेणी मिळू शकते. हुद्दा मात्र त्याने मिळत नाही, आणि किती वर्षं नोकरी करता येईल हे हुद्द्यावर ठरतं.

२०२२च्या अग्निपथ योजनेनंतर नाईकाचं काम वाढलं आहे. अग्निवीर चार वर्षांसाठी येतात आणि त्यांतले जास्तीत जास्त पंचवीस टक्के कायम होतात. म्हणजे सेक्शनमध्ये नवी पोरं सतत येत राहणार, आणि त्यांना हत्यार हाताळण्यापासून पहाऱ्याच्या शिस्तीपर्यंत घडवणार ते नाईक आणि हवालदारच. कॅडरमध्ये उमेदवाराला शिकवण्याचे तास घ्यायला लावतात; त्या तासांना आता फायरिंगइतकंच वजन द्यायला हवं.