घोस्ट (शब्द)

घोस्ट हा इंग्रजी भाषेतील एक प्राचीन शब्द असून मृत व्यक्तीचे भूत किंवा पिशाच हा त्याचा आजचा रूढ अर्थ आहे. जुन्या इंग्रजीत मात्र तो प्रामुख्याने श्वास, प्राण, जीव आणि आत्मा या अर्थांनी वापरला जात असे. इ.स. १६११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या किंग जेम्स बायबलमध्ये हा जुना अर्थ टिकून राहिला. ख्रिस्ती त्रैक्यातील पवित्र आत्म्याला तेथे बहुतेक ठिकाणी ‘होली घोस्ट’ म्हटले आहे. आजचा अर्थ मनात ठेवून हे भाषांतर वाचणाऱ्याचा त्यामुळे हमखास गोंधळ होतो. मरिया पवित्र आत्म्यापासून गर्भवती झाल्याचे सांगणारे मत्तयाच्या शुभवर्तमानातील वचन (१:१८) हे त्याचे ठळक उदाहरण होय.

व्युत्पत्ती आणि लेखन

जुन्या इंग्रजीतील रूप ‘गास्ट’ असे होते. जर्मन ‘गाइस्ट’ आणि डच ‘गेस्ट’ हे त्याचे सगोत्र शब्द असून जर्मनमध्ये ‘गाइस्ट’ आजही मन, बुद्धी आणि आत्मा या अर्थांनी वापरतात. मध्ययुगीन इंग्रजीत दीर्घ ‘आ’चा ‘ओ’ झाला व ‘गोस्ट’ हे रूप आले. ‘स्टान’चा ‘स्टोन’ आणि ‘हाम’चा ‘होम’ याच नियमाने झाला.

लेखनातील ‘एच’ हे अक्षर नंतरचे आहे. १४७६ मध्ये इंग्लंडमध्ये पहिला छापखाना काढणाऱ्या विल्यम कॅक्स्टनच्या पुस्तकांत ते प्रथम दिसते. कॅक्स्टनने बरीच वर्षे फ्लेमिश भाषकांच्या प्रदेशात काढली होती आणि तेथील लेखनाचा हा प्रभाव असावा, असे मानले जाते. या अक्षराचा उच्चार होत नाही. मराठीत रूढ झालेला ‘घ’ केवळ वर्णलेखनावरून आला आहे.

बायबलमधील वापर

हिब्रू ‘रुआख’, ग्रीक ‘न्यूमा’ आणि लॅटिन ‘स्पिरितुस’ या तिन्ही शब्दांच्या अर्थछटांत वारा, श्वास व आत्मा यांचा समावेश होतो. योहानाच्या शुभवर्तमानात (३:८) तर ‘न्यूमा’ हा एकच शब्द एकाच वचनात वारा आणि आत्मा अशा दोन्ही अर्थांनी येतो. अँग्लो-सॅक्सन लोकांमध्ये ख्रिस्ती धर्म रुजला तेव्हा लॅटिन ‘स्पिरितुस’साठी ‘गास्ट’ हा घरचा शब्द योजला गेला आणि पवित्र आत्मा ‘हालिग गास्ट’ झाला. ‘स्पिरिट’ हा लॅटिन मुळाचा शब्द फ्रेंचमार्गे इंग्रजीत आला तो नॉर्मन विजयानंतरच्या काळात. विक्लिफ आणि टिंडेल यांच्या परंपरेतील भाषांतरांनी जुना शब्द पुढे चालवला.

किंग जेम्स बायबलच्या नव्या करारात ‘होली घोस्ट’ सुमारे ९० वेळा येतो. ‘होली स्पिरिट’ मात्र मोजक्याच ठिकाणी, उदाहरणार्थ लूक ११:१३ मध्ये, आढळतो. दोन्ही ठिकाणी मूळ ग्रीक शब्द एकच आहेत. त्यामुळे या दोन नावांत धर्मशास्त्रीय भेद शोधण्याला मूळ संहितेत आधार नाही. जुन्या करारात ‘होली घोस्ट’ एकदाही आलेला नाही. स्तोत्रसंहिता ५१:११ आणि यशया ६३:१०-११ येथे भाषांतरकारांनी ‘स्पिरिट’च वापरला आहे.

मृत्यूच्या वर्णनातही हा शब्द येतो. ‘घोस्ट’ सोडून देणे म्हणजे प्राण सोडणे. अब्राहाम (उत्पत्ती २५:८), इसहाक (३५:२९) आणि क्रुसावरील येशू (योहान १९:३०) यांच्या मृत्यूसाठी किंग जेम्स बायबलमध्ये हाच प्रयोग आहे. उत्पत्तीच्या पुस्तकातील मूळ हिब्रू क्रियापदाचा अर्थ केवळ ‘मरणे, शेवटचा श्वास घेणे’ असा आहे. त्यात आत्मा या अर्थाचे नाम नाही. योहानाच्या ग्रीक वाक्यात मात्र ‘न्यूमा’ स्पष्टपणे येतो. इंग्रजीत दोन्हींचे शब्द सारखे झाल्याने हा फरक झाकला जातो. आता हा वाक्प्रचार बंद पडलेल्या यंत्रासाठीही सर्रास वापरतात.

अर्थांची अदलाबदल

मृताची छाया हा अर्थ चौदाव्या शतकापासून बळावला. शेक्सपिअरच्या काळात दोन्ही अर्थ शेजारी नांदत होते. ‘हॅम्लेट’मध्ये राजाचे ‘घोस्ट’ तटावर फिरते, तर ‘रोमिओ अँड ज्युलिएट’मध्ये धर्मगुरूला ‘घोस्टली’, म्हणजे आध्यात्मिक, पिता म्हटले आहे.

याचा सर्वांत बोलका पुरावा येशू पाण्यावरून चालत येतो त्या प्रसंगात (मत्तय १४:२६) सापडतो. घाबरलेल्या शिष्यांच्या तोंडी ग्रीकमध्ये ‘फांतास्मा’, म्हणजे आभास किंवा भूत, हा शब्द आहे. किंग जेम्स बायबलने तेथे ‘स्पिरिट’ लिहिले. आधुनिक इंग्रजी भाषांतरे तेथे ‘घोस्ट’ लिहितात. त्याच आधुनिक भाषांतरांनी ‘होली घोस्ट’च्या जागी ‘होली स्पिरिट’ आणला आहे. म्हणजे सुमारे तीन शतकांत या दोन शब्दांनी परस्परांच्या जागा घेतल्या. १९०१ च्या अमेरिकन स्टँडर्ड आवृत्तीने या बदलाला निश्चित रूप दिले. उपासनेची भाषा बदलायला अधिक वेळ लागला आणि काही पंथांच्या प्रार्थनांत जुने नाव अजूनही ऐकू येते.

मराठी बायबलमध्ये ‘पवित्र आत्मा’ आणि ‘भूत’ हे वेगळे शब्द असल्याने हा प्रश्न उद्भवत नाही. मात्र ‘भूत’ या शब्दाचा अर्थही असाच अरुंद होत गेला आहे. मुळात ‘झालेले, अस्तित्वात आलेले’ असा त्याचा अर्थ असून ज्ञानेश्वरांच्या पसायदानात तो प्राणिमात्र या अर्थाने येतो. ‘पंचमहाभूते’ आणि ‘भूतदया’ या शब्दांत तो जुना अर्थ आजही शिल्लक आहे.