इलेक्ट्रॉनव्होल्ट : एकट्या कणाचा हिशोब

तर मंडळी, ऊर्जा ज्यूलमध्ये मोजतात हे आपण शाळेत शिकलो. १०० ग्रॅमचा पेरू एक मीटर उचलला की साधारण एक ज्यूल खर्च होतो. पण अणूच्या आत शिरलो की हे माप फारच अवजड होतं. सोनं तोलायला ट्रकचा वजनकाटा घ्यावा तसं. म्हणून तिथे आपण इलेक्ट्रॉनव्होल्ट वापरतो. एक व्होल्टचं विभवांतर पार करताना एका इलेक्ट्रॉनला मिळते, तेवढी ही ऊर्जा. ज्यूलमध्ये लिहायची तर दशांशचिन्हानंतर अठरा शून्यं आणि मग १६०२!

हे माप एकेका कणाचा हिशोब ठेवतं, आणि काय तुटेल, काय नाही, ते बरंचसं त्यावरच ठरतं. दोन कार्बन अणूंमधला साधा बंध सुमारे ३.६ इलेक्ट्रॉनव्होल्टचा. दृश्य प्रकाशाचा एक फोटॉन साधारण १.६५ ते ३.१ चा. उन्हातल्या अतिनील-बी किरणांचा फोटॉन ४ च्या आसपास जातो, म्हणून तो त्वचेतल्या डीएनएमध्ये नको ते बदल घडवू शकतो. एक्स-रेचा फोटॉन तर हजारोंच्या घरात. तो अणूतला इलेक्ट्रॉन सरळ उडवून लावतो.

आता मोबाइलच्या टॉवरचं बघू, कारण हा प्रश्न प्रत्येक व्याख्यानानंतर येतोच. १८०० मेगाहर्ट्झच्या लहरीचा एक फोटॉन म्हणजे एका इलेक्ट्रॉनव्होल्टच्या लाखाव्या भागाहूनही कमी. त्यानं बंध तुटत नाही. मग मायक्रोवेव्ह ओव्हनमध्ये भात गरम कसा होतो? तिथलेही फोटॉन तितकेच दुबळे, पण संख्या प्रचंड. सगळे मिळून पाणी तापवतात. तापवणं वेगळं, तोडणं वेगळं. ‘रेडिएशन’ या एकाच शब्दाखाली आपण दोन्ही कोंबतो, तिथे घोळ होतो.

संशोधनातही आधी हाच हिशोब करतात. इंदूरच्या इंडस-२ यंत्रात २.५ अब्ज इलेक्ट्रॉनव्होल्टचे इलेक्ट्रॉन वर्तुळात फिरवतात. वळताना त्यांच्यातून एक्स-रे निघतात आणि त्यांनी स्फटिकांची, प्रथिनांची रचना वाचता येते.

वस्तुमानसुद्धा याच मापात सांगतात, कारण आइन्स्टाइनच्या सूत्रानं वस्तुमान म्हणजे ऊर्जाच. इलेक्ट्रॉन ५,११,००० चा. २०१२ मध्ये सापडलेला हिग्ज कण सुमारे १२५ अब्जांचा. आणि एक गमतीशीर योगायोग: हायड्रोजनचा इलेक्ट्रॉन सुटा करायला १३.६ इलेक्ट्रॉनव्होल्ट लागतात, तर जिनिव्हाजवळच्या सर्नच्या महाकाय यंत्रात २०२२ पासून प्रोटॉनची टक्कर होते ती बरोबर १३.६ लाख कोटींची.