व्हायोलिन घरी जुळविताना

हैदराबादेत चैत्र-वैशाखातल्या दुपारी व्हायोलिनची पेटी उघडावी, तो खुंट्या सुटून तारा लोंबताना दिसाव्यात. आणि श्रावणात त्याच खुंट्या हलता हलू नयेत! यात वाद्याचा दोष नसतो. कोरड्या हवेत लाकूड आकसते, दमट हवेत फुगते. घसरणाऱ्या खुंटीस किंचित खडू व अडणाऱ्या खुंटीस कोरडा साबण लावावा, आणि पिळताना ती आत दाबीत जावी. मात्र चारही तारा एकदम सैल करू नयेत. घोडी तर पडतेच. पण वाद्याच्या पोटातला लहानसा लाकडी खांब निसटला, तर कारागिराचेच घर गाठावे लागते.

पाश्चात्त्य पद्धतीत जाड तारेकडून बारीक तारेकडे जी, डी, ए, ई असा क्रम असतो. पुष्कळ घरांतून हे चारही स्वर हार्मोनियमवरून एकेक करून घेतात. चूक नेमकी येथे होते. ‘ए’ ४४० कंपनांचा धरला, तर त्याचा खरा पंचम, म्हणजे ‘ई’, ६६० कंपनांचा हवा. समविभागी सप्तकावर लावलेली हार्मोनियम तो सुमारे ६५९.३ देते. फरक क्षुल्लक वाटेल, परंतु दोन्ही तारा एकाच गजाखाली वाजविल्या की आवाजात लाट उठते, सेकंदाला सुमारे दीड वेळा. ती लाट मंदावत थांबली, की तारा जुळल्या. मोबाइलवरचे स्वरदर्शक यंत्रही बहुधा हार्मोनियमचाच हिशेब सांगते. म्हणून त्याच्याकडून केवळ ‘ए’ घ्यावा आणि बाकीचे कानावर सोपवावे.

हिंदुस्थानी आणि कर्नाटक अशी दोन्ही संगीते या शहरात नांदतात. कर्नाटक वादक तारा सा-प-सा-प अशा लावतात. हिंदुस्थानी वादकांत प-सा-प-सा हीही रीत आहे. षड्ज गाणाऱ्याच्या गळ्याप्रमाणे बदलतो, तेव्हा ४४०चा आग्रह येथे व्यर्थ. तंबोरा हाच आधार. लाट ऐकण्याची युक्ती मात्र तीच.

स्वर नेहमी खालून चढवीत आणावा. पुढे गेलाच, तर पुरता उतरवून पुन्हा चढवावा. गज हलका धरावा, कारण दाबाने स्वर ढळतो. पोलादी ‘ई’ तार फार बारीक असते. तिच्यासाठी खालच्या टोकाचा लहान स्क्रूच फिरवावा, आणि त्या वेळी चेहरा दूर ठेवावा. चौथी तार लागेपर्यंत पहिली बहुधा उतरलेली असते, कारण ताण वाढला की घोडीखालचे लाकूड किंचित दबते. तेव्हा पुन्हा ‘ए’पासून आरंभ करावा.