नारायणगावात ‘वाइन शॉप’ लगेच सापडतं, पण चांगली वाइन आणि चांगलं जेवण का शोधावं लागतं?

शिवनेरी, लेण्याद्री, ओझर अशी दोन दिवसांची ट्रिप. मुंबई-पुण्याचा ग्रुप संध्याकाळी नारायणगावात पोचतो, कुणीतरी मोबाईलवर ‘वाइन शॉप निअर मी’ टाकतं आणि मॅप दुकान दाखवतो. तिथे गेल्यावर दिसतात व्हिस्की, रम आणि बिअरच्या रांगा. वाइन मागितली की वरच्या फळीवरची एखादी गोड ‘पोर्ट’ पुढे येते. मग जेवायला महामार्गावरचं सर्वांत जास्त स्टार असलेलं हॉटेल गाठावं, तर मेन्यूत पनीर बटर मसाला आणि नान. त्यासाठी ठाण्याहून इतक्या लांब यायची गरज नव्हती.

गंमत म्हणजे भारतातल्या आधुनिक वाइनची गोष्ट सांगताना नारायणगावचं नाव टाळताच येत नाही. १९८० च्या दशकात श्यामराव चौगुले यांनी इथे ‘शातो इंडाज’ ही वायनरी उभी केली. फ्रेंच शँपेनच्या पद्धतीने बनवलेली ‘ओमर खय्याम’ ही स्पार्कलिंग वाइन इथूनच परदेशात गेली. नाशिकची ‘सुला’ सुरू होण्याच्या बरीच वर्षं आधीची ही गोष्ट. पुढे २००८ च्या जागतिक मंदीनंतर कर्जाच्या ओझ्याखाली कंपनी कोसळली आणि नारायणगावची ती ओळखही पुसट झाली.

आजही रस्त्याच्या दोन्ही बाजूंना द्राक्षबागा दिसतात. पण त्यातली बहुतेक द्राक्षं खायची असतात. जुन्नरची काळी जंबो द्राक्षं मोठी आणि रसाळ. वाइनची द्राक्षं लहान, बियांची आणि जाड सालीची असतात. त्यामुळे बाग दिसली म्हणजे शेजारी वाइन मिळेलच, असं नाही.

मग दुकानाला ‘वाइन शॉप’ का म्हणतात?

कारण महाराष्ट्रात वाइन शॉप हे बोलीतलं नाव आहे. परवान्याच्या भाषेत ते ‘एफएल-२’, म्हणजे विदेशी मद्याच्या सीलबंद बाटल्या विकणारं दुकान. बिअर शॉपीचा परवाना वेगळा, तिथे बिअर आणि वाइनसारखं सौम्य मद्य मिळतं. परमिट रूम म्हणजे ‘एफएल-३’, तिथे बसून पिता येतं. ‘सरकारमान्य देशी दारू दुकान’ हा आणखी वेगळा प्रकार.

१९७० च्या दशकापासून राज्यात नव्या वाइन शॉपचे परवाने देणं जवळपास बंद राहिलं. दुकानं मोजकी, गिऱ्हाईक भरपूर. अशा वेळी दुकानदार फळीवर तेच ठेवणार जे रोज खपतं. तालुक्याच्या गावात रोज खपते ती क्वार्टर, ड्राय रेड वाइन नव्हे. जानेवारी २०२२ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने मोठ्या सुपरमार्केटमध्ये वाइन विकायला मंजुरी दिली होती. त्यावर बराच गदारोळ झाला आणि तो निर्णय प्रत्यक्षात आलाच नाही.

महामार्गाचाही एक किस्सा आहे. राष्ट्रीय आणि राज्य महामार्गांपासून ५०० मीटरच्या आत दारूविक्री नको, असा आदेश सुप्रीम कोर्टाने डिसेंबर २०१६ मध्ये दिला. वीस हजारांपर्यंत लोकसंख्या असलेल्या गावांसाठी हे अंतर नंतर २२० मीटर झालं आणि पुढे शहरी हद्दींना सूट मिळाली. तेव्हा राज्यभर अनेक दुकानांनी जागा बदलल्या. म्हणून मॅपवरची जुनी पिन पाहून निघण्याआधी दुकानाला एक फोन करणं बरं.

बाटली मिळालीच तर लेबलवरचा महिना आणि वर्ष पाहावं. साधी व्हाइट किंवा रोझे वाइन जितकी ताजी तितकी चांगली. मे महिन्यात पत्र्याच्या दुकानात उन्हाकडे तोंड करून उभी असलेली बाटली घेऊ नये, फ्रीजमधली किंवा आतल्या खोक्यातली मागावी. सगळ्यात सोपा उपाय म्हणजे वाइन निघतानाच पुण्यातून किंवा नाशिकच्या वायनरीतून, बिलासकट घेणं.

परमिट नावाची पाच रुपयांची गोष्ट

‘परमिट रूम’ हा शब्द १९४९ च्या दारूबंदी कायद्यातून आला. दारूबंदी सैल झाली, पण कायदा आजही लागू आहे. महाराष्ट्रात दारू विकत घ्यायला आणि प्यायला परवाना लागतो. विदेशी मद्यासाठी एका दिवसाचा ५ रुपये, वर्षाचा १०० आणि आयुष्यभराचा १,००० रुपये. हा परवाना कागदोपत्री ‘आरोग्य राखण्यासाठी’ दिला जातो, हे वाचून हसू येईल, पण तसंच आहे. वयाची अट बिअर-वाइनसाठी २१ वर्षं आणि कडक मद्यासाठी २५.

पर्यटक सगळ्यात जास्त फसतात ते ढाब्यावर. ‘बाटली तुमची, चकणा आमचा’ हा सौदा परवाना नसलेल्या ढाब्यावर सर्रास चालतो. पण उत्पादन शुल्क विभागाची धाड पडली तर गुन्हा मालकावर आणि टेबलावर बसलेल्या ग्राहकांवरही होतो. शिवनेरीसारख्या किल्ल्यावर तर बाटली नेण्याचा विचारही करू नये. गाडी चालवणाऱ्यासाठी रक्तातल्या अल्कोहोलची मर्यादा १०० मिलिलिटरला ३० मिलिग्रॅम आहे. पहिल्यांदा पकडलं तरी १०,००० रुपयांपर्यंत दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. रात्री माळशेज घाट उतरायचा असेल तर एक जण कोराच हवा.

आता जेवणाचं

इथे ॲपवरचे स्टार फारसे कामाचे नाहीत. महामार्गावरच्या मोठ्या हॉटेलांना रिव्ह्यू देतात येणारे-जाणारे प्रवासी, तेही बऱ्याचदा पार्किंग आणि टॉयलेट पाहून. मंचर, घोडेगाव, ओतूर किंवा जुन्नरच्या पेठेतली खानावळ रोजच्या गिऱ्हाइकावर चालते, आणि ते गिऱ्हाईक रिव्ह्यू लिहीत बसत नाही. दुपारी एकच्या सुमाराला एसटी स्टँड किंवा बाजार समितीजवळ व्यापारी आणि ड्रायव्हर कुठे बसलेत, ते पाहावं. ऑनलाइनच बघायचं तर स्टार सोडून मागच्या दोन-तीन महिन्यांतले ताटांचे फोटो पाहावेत.

आणि पाटीवर शोधायची ती मासवडी. नावात ‘मास’ असल्याने शहरातले शाकाहारी हमखास दचकतात. पण यात मांस नाही आणि मासाही नाही. बेसन फोडणीच्या पाण्यात घट्ट शिजवायचं, ओल्या कापडावर गरम असतानाच थापायचं, वर भाजलेले तीळ, सुकं खोबरं, कांदा, लसूण, कोथिंबिरीचं सारण पसरायचं आणि कापडासकट गुंडाळून माशासारखा आकार द्यायचा. मग वड्या कापायच्या. सोबत भाजलेल्या कांदा-खोबऱ्याचा तर्रीदार रस्सा आणि बाजरीची भाकरी.

हे काम हाताचं आणि वेळेचं आहे. त्यामुळे चांगली मासवडी ओळखता येते. वडीत सारणापेक्षा बेसनच जास्त असेल, किंवा ती रस्स्यात आधीच बुडवून ठेवलेली असेल, तर सकाळचा माल गरम करून दिलाय असं समजावं. चांगल्या ठिकाणी वडी आणि रस्सा वेगवेगळे येतात. काही खानावळी ती ठरावीक वारीच करतात, काही ऑर्डर दिल्यावर, म्हणून सकाळी गड चढायच्या आधीच फोन करून किती ताटं हवीत ते सांगून ठेवावं. कृषी पर्यटन केंद्रांतही असंच आधी कळवावं लागतं.

वारही बघावा. संकष्टीला, त्यातही अंगारकीला, ओझर आणि लेण्याद्रीला प्रचंड गर्दी असते आणि रस्त्यावरच्या बऱ्याच पाट्या साबुदाण्याकडे वळतात. श्रावणात भीमाशंकरच्या वाटेवर मटण-भाकरी शोधणाऱ्याला घोडेगावच्या पुढे बहुतेक ठिकाणी पिठलंच मिळेल. २६ जानेवारी, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर हे ड्राय डे, शिवाय निवडणुका आणि काही सणांना जिल्हाधिकाऱ्यांचे वेगळे आदेश निघतात. लाँग वीकेंडचं बुकिंग करणाऱ्यांच्या हे नेमकं शनिवारी संध्याकाळी, बंद शटरसमोर उभं राहिल्यावर लक्षात येतं.