आधी विचारा, मग गोदाम उघडा

दुकानातल्या विक्रीच्या मालावरही अडीच टक्के जकात असते, हे आपल्या व्यापारी बांधवांना ठाऊक आहे. पण जकातीपलीकडे, गोदामात पडून राहिलेल्या चांगल्या चादरी, वह्या, चपला सदका म्हणून द्यायच्या तर कोणाला आणि कशा?

ऑगस्ट 2019 च्या महापुरात शिरोळ तालुक्यातील गावे बुडाली. मदतीचा ओघ आम्ही कोल्हापूरकरांनी पाहिला. जुन्या कपड्यांचे ढीग पडले. चूल पुन्हा मांडणाऱ्या घरांना मात्र भांडी आणि अंथरूण हवे होते. माल होता, गरज विचारणारा मधला दुवा कमी पडला.

अंशू गुप्ता यांनी 1999 साली सुरू केलेली ‘गूंज’ ही संस्था असा दुवा आहे. आलेला माल निवडून, दुरुस्त करून, गरजेप्रमाणे गठ्ठे बांधून ती स्थानिक संस्थांमार्फत पोहोचवते. गावकरी श्रमदानाने विहीर किंवा रस्ता दुरुस्त करतात आणि त्याचा मोबदला म्हणून माल घेतात. त्यामुळे घेणाऱ्याची मान खाली जात नाही.

वस्तूंच्या दानाला आयकराची 80जी सवलत नाही. फुकट दिलेल्या मालावर जीएसटीचे इनपुट क्रेडिटही मिळत नाही. म्हणून टाकाऊ तेवढेच द्यावे का? सूरह बकराची 267 वी आयत निकृष्ट वस्तू देण्यापासून रोखते.

जवळच्या मदरशाला, वसतिगृहाला, अनाथालयाला आधी विचारू या: काय हवे, किती, कोणत्या मापाचे? सवाब अल्लाहकडे आहेच, इन्शाअल्लाह माल वायाही जाणार नाही.